महान धम्मयात्री भिक्खू ह्यु-एन-त्संग



आपल्या विहाराचा वर्धापनदिन जवळ आला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक स्मरणिका आणि दुसरी सहलीची चर्चा. या वेळी तरुण मंडळींनी मोठा बेत मांडला आहे. आधी नाशिकची त्रिरश्मी लेणी, मग दौलताबाद, वेरूळ, अजिंठा, आणि पैसे जमले तर पुढच्या वर्षी सारनाथ, बुद्धगया, नालंदा. गाडी कोणती करायची, माणशी किती काढायचे, म्हाताऱ्या माणसांना झेपेल का, यावर विहाराच्या पायरीवर रात्री अकरा-अकरापर्यंत वाद चालतो. हा वाद ऐकता ऐकता माझ्या मनात एका भिक्खूची आठवण आली. वाळवंट, बर्फाचे डोंगर आणि कितीतरी जुनी नगरे ओलांडून त्यांनी अशीच एक धम्मयात्रा केली. ती सोळा वर्षे चालली. मी गिरणीत काम करणारा माणूस आहे. शाळा थोडी झाली, बाकी सगळं रात्रपाळी करून वाचलेलं. तेव्हा भाषेत काही उणं-अधिक झालं तर सांभाळून घ्यावे.

त्या भिक्खूंचे नाव ह्यु-एन-त्संग. आपल्या मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन ओळी असतात. दोन ओळींत मावणारा हा माणूस नव्हे!

बालपण आणि शंका

इ.स. ६०२ च्या सुमारास चीनमध्ये लोयांग शहराजवळ एका विद्वान घराण्यात त्यांचा जन्म झाला. चार भावांत ते सर्वांत धाकटे. थोरला भाऊ भिक्खू झालेला होता, त्याच्यामागे हेही तेराव्या वर्षी विहारात गेले. त्या काळी चीनमध्ये राज्य बदलत होते, लढाया चालू होत्या, उपासमार होती. दोघे भाऊ जीव वाचवत या गावाहून त्या गावाला गेले, पण अभ्यास सोडला नाही. विसाव्या वर्षी ह्यु-एन-त्संग यांची उपसंपदा झाली.

पुढे ते चांगआन या राजधानीत आले. गावोगावच्या आचार्यांकडे शिकले, पण समाधान होईना. एकाच ग्रंथाचे दोन अनुवाद दोन वेगळे अर्थ सांगत. काही ग्रंथ अर्धेच आलेले. आम्ही गिरणीत सूत तुटलं की धागा सांधतो, पण दुसरं टोक हाती असल्याशिवाय सांधता येत नाही. ह्यु-एन-त्संग यांना कळलं की तुटलेल्या धाग्याचं दुसरं टोक भारतात आहे. तेव्हा त्यांनी ठरवलं, की भगवंतांच्या भूमीत जायचं आणि मूळ ग्रंथ मिळवायचे.

तयारी

इथे आपल्या तरुणांनी लक्ष द्यावे. ते उठले आणि निघाले असं झालं नाही. आधी ते परदेशी लोकांची भाषा शिकले. पश्चिमेकडून आलेल्या व्यापाऱ्यांना गाठून वाटा विचारल्या. सम्राटाकडे अर्ज केला, तो नामंजूर झाला. देश सोडून जायला तेव्हा बंदी होती. सोबत येणारे बाकीचे गळाले. इ.स. ६२९ च्या सुमारास, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास, ते एकटे निघाले. दिवसा लपायचे आणि रात्री चालायचे.

सरहद्दीवर एका म्हाताऱ्याने त्यांना एक मरतुकडा तांबडा घोडा दिला. दिसायला काही नाही, पण तो घोडा हमीच्या वाटेवर पंधरा वेळा जाऊन आलेला होता. ह्यु-एन-त्संग यांनी आपला तरणा घोडा देऊन तो घेतला. आपण गाडी ठरवताना रंग बघतो. ते मात्र वाट माहीत असलेलं जनावर बघून गेले!

वाळवंटातले पाच दिवस

वाटाड्याने झाडं तोडून नदीवर साकव केला, पण त्याच रात्री त्याची नियत फिरली आणि तो तलवार उपसून जवळ आला. भन्ते उठून बसले आणि शांतपणे सूत्रपठण करू लागले. तो मागे हटला, आणि दुसऱ्या दिवशी सोडून गेला.

पुढे सरकारी पहाऱ्याचे पाच बुरूज होते आणि पाणी फक्त त्या बुरुजांशीच. पहिल्या बुरुजाजवळ रात्री पाणी भरताना बाण आला आणि गुडघ्याला चाटून गेला. पहाऱ्याचा अधिकारी बौद्ध निघाला. त्याने आधी परत फिरा म्हणून विनवले. भन्ते ऐकेनात, तेव्हा त्यानेच जेवण-पाणी देऊन पुढची वाट सांगितली.

बुरुजांपलीकडे ८०० ली म्हणजे साधारण साडेतीनशे ते चारशे किलोमीटरचे ओसाड वाळवंट. माणूस नाही, पाखरू नाही. वाट दाखवायला मेलेल्या जनावरांची हाडं आणि लीद एवढंच. त्यात वाट चुकली, सांगितलेला झरा सापडेना, आणि पाणी प्यायला पखाल उचलली ती हातातून निसटली. सगळं पाणी वाळूत गेलं! उन्हाळ्यात आपल्या गिरणा नदीचं पात्र कोरडं दिसलं तरी आपला जीव कासावीस होतो, इथे तर नदीच नव्हती. ते मागे फिरले. दहा ली मागे आले आणि मग आठवला आपलाच संकल्प, की भारतात पोचल्याशिवाय पूर्वेकडे एक पाऊल टाकायचं नाही. घोड्याचं तोंड पुन्हा पश्चिमेकडे वळवलं. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. शेवटी दोघेही आडवे पडले. पाचव्या रात्री गार वारा सुटला, घोडा उठला आणि मालकाचं न ऐकता भलत्याच दिशेला निघाला. तिथे हिरवं गवत होतं आणि पाणी होतं. पंधरा वेळा गेलेला घोडा कामाला आला तो असा.

राजाची शिदोरी आणि बर्फाचा डोंगर

तुर्फानच्या राजाने त्यांचा असा सन्मान केला की सोडायलाच तयार होईना. कायमचे इथेच राहा, नाहीतर चीनला परत पाठवीन, असा त्याचा हट्ट. भन्तेंनी तीन दिवस अन्नपाणी सोडले. राजा वरमला. परत येताना तीन वर्षे इथे राहीन, असे वचन घेऊन त्याने निरोप दिला. आणि शिदोरी काय दिली बघा. चार श्रामणेर, तीस घोडे, चोवीस-पंचवीस माणसे, तोंड झाकायची फडकी, हातमोजे, बूट, सोने, चांदी, रेशमाचे तागे. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे वाटेतल्या चोवीस राजांच्या नावे चोवीस पत्रे. अनोळखी मुलखात पैशापेक्षा ओळख कामाला येते, हे तो राजा जाणून होता.

कुचा येथे ते दोन महिने थांबले, कारण डोंगरावरचा बर्फ वितळला नव्हता. तरीसुद्धा तिआनशान पर्वत ओलांडायला सात दिवस लागले. आपण सप्तशृंगी गडाच्या घाटात डिसेंबरच्या पहाटे कुडकुडतो. तिथे झोपायला बर्फ आणि चूल मांडायला कोरडी जागा नाही, भांडं टांगून शिजवायचं. दहातली तीन-चार माणसे त्या डोंगरात गेली. बैल आणि घोडे तर त्याहून जास्त. ही माणसे कोणाची तरी मुले होती. त्यांची नावे इतिहासात नाहीत. यात्रेचं पुण्य मोजताना त्यांनाही मोजले पाहिजे.

पुढे ताश्कंद, समरकंद, बल्ख अशी नावाजलेली नगरे करत ते बामियानला पोचले. डोंगरात कोरलेल्या दोन प्रचंड बुद्धमूर्तींची त्यांनी नोंद केली. त्या मूर्ती मार्च २००१ मध्ये तालिबानने सुरुंग लावून फोडल्या. मूर्ती गेल्या, नोंद राहिली.

नालंदा

गांधारातून ते काश्मीरला आले आणि तिथे दोन वर्षे शिकले. गंगेवर लुटारूंनी त्यांना बळी द्यायला बांधले होते, वादळ उठल्याने लुटारू भ्याले आणि ते वाचले. श्रावस्ती, लुंबिनी, कुशीनगर, सारनाथ, वैशाली, बुद्धगया ही सगळी स्थळे त्यांनी पाहिली. काही ठिकाणी तेव्हाच ओसाडी आली होती.

इ.स. ६३७ च्या सुमारास ते नालंदा महाविहारात पोचले. तिथे दारावरच परीक्षा होई आणि दहातले सात-आठ परत जात. आचार्य शीलभद्र अतिशय वृद्ध होते, पण या परदेशी भिक्खूसाठी ते पुन्हा शिकवायला बसले. ज्या ग्रंथासाठी वाळवंट तुडवलं, तो योगाचारभूमी त्यांनी तिथे मुळातून अभ्यासला. येताना विद्यार्थी असलेले ह्यु-एन-त्संग पुढे तिथे शिकवूही लागले.

आपल्या महाराष्ट्रात

नंतर बंगाल, ओरिसा, आंध्र, कांची असे फिरत ते इ.स. ६४१ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रात आले. राज्य चालुक्य सम्राट दुसऱ्या पुलकेशीचे. उत्तरेच्या हर्षवर्धनालाही हा प्रदेश जिंकता आला नव्हता. त्यांनी पाहिलेली राजधानी म्हणजे आपले नाशिकच, असे काही अभ्यासकांनी मानले आहे. इतर काही दुसऱ्या गावांची नावे घेतात. इथल्या माणसांबद्दल त्यांनी लिहिले आहे, की ती साधी, प्रामाणिक आणि मानी आहेत. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. संकटातला कोणी मदत मागायला आला तर स्वतःचं भान विसरून धावतात. शत्रूवर चालून जायचं तर आधी कळवून जातात.

आणि सर्वांत महत्त्वाचे! या महाराष्ट्रात त्यांनी शंभरावर संघाराम आणि पाच हजारांवर भिक्खू नोंदवले. पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या एका मोठ्या कोरीव विहाराचेही वर्णन लिहिले. दारापुढे दोन बाजूंना दगडी हत्ती आहेत आणि अचल नावाच्या अर्हताने तो विहार उभारला, असे त्यात आहे. हे अजिंठाच, असे मानले जाते. तिथे सोळाव्या लेण्याच्या वाटेवर दोन दगडी हत्ती आजही उभे आहेत, आणि सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात अचल हे नाव आहे. इथून ते नर्मदा ओलांडून भरुचला गेले.

मित्रहो, शंभर विहार आणि पाच हजार भिक्खू! आमच्या आज्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. पुढे तो धागा तुटला. लेण्यांना पांडवांची नावे पडली आणि अजिंठा झाडीत बुडाला. १८१९ साली एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला तो पुन्हा दिसला. कनिंगहॅम साहेबाने ह्यु-एन-त्संग यांचा ग्रंथ हाती घेऊन, त्यातली दिशा आणि अंतरे मोजत, १८६१ नंतर श्रावस्ती, नालंदा, कुशीनगर या जागा ओळखल्या. म्हणजे आपल्या हरवलेल्या घराचा पत्ता एका परदेशी भिक्खूच्या वहीत जपून राहिला होता. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला आपल्याला त्या घरात परत आणले.

परतीची वाट आणि खरे काम

कनौज आणि प्रयागच्या सभांनंतर हर्षाने त्यांना समुद्रमार्गे पाठवायची तयारी दाखवली. ती वाट सोपी होती. पण तुर्फानच्या राजाला दिलेले वचन होते, म्हणून त्यांनी पुन्हा डोंगराचीच वाट धरली. सिंधू नदीत नाव कलंडून पन्नास ग्रंथ वाहून गेले, तेव्हा थांबून माणसे पाठवून नव्या प्रती करवून घेतल्या. वाटेत कळले की तुर्फानचा तो राजा आता हयात नाही. वचन पाळायला निघालेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल!

इ.स. ६४५ मध्ये ते चांगआनला पोचले. वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. बंदी मोडून गेलेल्या या भिक्खूचे सम्राटानेच स्वागत केले आणि मोठे पद देऊ केले. त्यांनी ते नाकारले आणि अनुवादाला बसले. प्रवासाचा वृत्तांत ६४६ मध्ये लिहून पूर्ण केला. पुढे इ.स. ६६४ मध्ये निर्वाण होईपर्यंत एकोणीस वर्षांत ७५ ग्रंथ चिनी भाषेत आणले. प्रवास सोळा वर्षांचा आणि त्यानंतरचे काम एकोणीस वर्षांचे, हा हिशोब आपण ध्यानात ठेवावा.

आपल्या सहलीसाठी

तरुणांनो, तुमच्या बेतात दौलताबाद आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह तिथे गेले, तेव्हा किल्ल्यातल्या पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला होता. आज आपण तिथे ताठ मानेने जाणार आहोत, तर नुसते फोटो काढून येऊ नका. जायच्या आधी कोणत्या लेण्यात काय आहे ते वाचा. वाट माहीत असलेला माणूस बरोबर घ्या. पाणी नीट सांभाळा. म्हाताऱ्यांना घरी ठेवू नका, त्यांच्यासाठी दोन मुक्काम वाढवा. ह्यु-एन-त्संगसुद्धा बर्फ वितळायची वाट बघत थांबले होते!

आणि प्रत्येक गाडीत एक वही ठेवा. काय पाहिलं, कोण भेटलं, कुठे पडझड झाली आहे, ते लिहा. परत आल्यावरच्या पौर्णिमेला ती वही विहारात सर्वांसमोर वाचा, म्हणजे ज्यांना येता आलं नाही त्यांचीही यात्रा होईल. शंभर वर्षांनी आपल्या कळवणच्या पोरांना आपण कुठे होतो हे कळायचं असेल, तर ते आपणच लिहून ठेवायला हवं.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जयभीम!