ॲब्सालोम जोन्स यांचें पुण्यस्मरण

१३ फेब्रुवारी हा दिवस अमेरिकेंतील एपिस्कोपल पंथांत ॲब्सालोम जोन्स यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. याच पंथाच्या देवळांतून एके काळीं गुलामांचे मालक उजळ माथ्यानें प्रार्थना करीत. म्हणून हें स्मरण म्हणजे एक प्रकारचें पापनिवेदनच होय, असें आम्ही समजतों. आमच्या व्यापारी वाचकांस हें चरित्र विशेष मननीय वाटेल.

जोन्स इ. स. १७४६ मध्यें डेलावेअर प्रांतांत गुलामगिरींत जन्मले. लहानपणीं हातीं आलेल्या चार पैशांतून त्यांनीं मुळाक्षरांचें पुस्तक घेतलें. १७६२ त मालकानें त्यांची आई व भावंडें विकून टाकलीं आणि त्यांस फिलाडेल्फियास नेऊन दुकानांत राबविलें. १७७० त त्यांनीं मेरी नांवाच्या दासीशीं लग्न केलें. आई दासी तर लेंकरूं जन्मतःच गुलाम, असा तेथील कायदा. म्हणून त्यांनीं आधीं पत्नीची किंमत भरली. त्यासाठीं वर्गणी मागितली, कर्ज काढलें, मध्यरात्र उलटेपर्यंत काम केलें. त्यांची स्वतःची मुक्तता मात्र वारंवार मागूनहि १७८४ पर्यंत झाली नाहीं.

१७८७ त रिचर्ड ॲलन यांच्यासह त्यांनीं फ्री आफ्रिकन सोसायटी स्थापिली. तिच्या वर्गणींतून विधवा व अनाथ यांस साह्य मिळे. सेंट जॉर्ज या मेथॉडिस्ट देवळांत ते गुडघे टेकून प्रार्थना करीत असतां, केवळ वर्णामुळें त्यांस उठविण्यांत आलें. तेव्हां त्या सर्वांनीं तें देऊळच सोडलें. १७९३ त पीतज्वराची सांथ आली व धनिक शहर सोडून पळाले. त्या वेळीं याच अपमानितांनीं रोग्यांची शुश्रूषा केली, प्रेतें उचललीं. त्यांवरच पुढें लुटीचा आळ आला. त्यास जोन्स व ॲलन यांनीं जमाखर्चासह छापील उत्तर दिलें.

१७९४ त सेंट थॉमस हें कृष्णवर्णीयांचें देऊळ उभें राहून एपिस्कोपल पंथास मिळालें, आणि पुढें जोन्स त्या पंथाचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरु झाले. परंतु त्या देवळास प्रांतिक धर्मसभेंत भाग घेण्याचा अधिकार नव्हता! १ जानेवारी १८०८ पासून परदेशांतून गुलाम आणणें कायद्यानें बंद झालें. त्या दिवशीं त्यांनीं ईश्वराचे आभार मानणारें प्रवचन केलें व तो दिवस दर वर्षीं पाळावा असें सुचविलें. १८१८ त ते वारले; गुलामगिरीचा समूळ उच्छेद १८६५ त झाला.

जोतीराव फुले यांनीं १८७३ त आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील गुलाममुक्तीसाठीं झटलेल्या सज्जनांस अर्पण केला. तेव्हां हा विषय आम्हांस परका नाहीं. मेलेल्या सत्पुरुषास संत म्हणणें सोपें आहे. जिवंतपणीं त्यास सभेंत शेजारीं बसविणें कठीण. पुण्यतिथ्या साजऱ्या करणाऱ्या आपल्या मंडळींनींहि, आज आपल्या पंक्तींतून आपण कोणास उठवीत आहों, हें एकदां मनास विचारावें.