परलोकाची आशा न धरणारा कर्तव्यनिष्ठ : गोपाळ गणेश आगरकर

आस्तिक आणि नास्तिक हे शब्द आपण नित्य उच्चारतो; परंतु अर्थ निश्चित करून उच्चारतोच असे नाही. पाणिनीच्या सूत्राचे विवरण करताना काशिकावृत्तीने परलोकाच्या अस्तित्वावरून हा विभाग केला आहे. लोकव्यवहारात मात्र देव न मानणाऱ्यास नास्तिक म्हणतात. मीमांसक जगत्कर्ता ईश्वर मानीत नाहीत, स्वर्ग मानतात आणि आस्तिकांत गणले जातात. मग जो देवाविषयी व परलोकाविषयी निश्चय करता येत नाही असे म्हणून इहलोकीचे कर्तव्य प्राणपणाने करतो, त्याची गणना कोठे करावी? कै. गोपाळ गणेश आगरकर यांच्या चरित्राने हा प्रश्न उभा केला आहे. साधनवंतांनी व वासनिकांनी तो टाळू नये.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील टेंभू या गावी झाला. घरची स्थिती अत्यंत गरिबीची. कऱ्हाडास आजोळी राहून प्रारंभीचे शिक्षण झाले. पुढे विद्येसाठी रत्नागिरी गाठली, पण तेथेही निभाव लागला नाही. अखेर श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पावन झालेल्या वऱ्हाडात, अकोल्यास, आप्तांच्या आश्रयाने ते १८७५ साली मॅट्रिक झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना अंगातला एकच सदरा रात्री धुवून सकाळी पुन्हा घालावा, अशी त्यांची अवस्था होती. अशा मुलाने मोठी पदवी मिळविल्यावर मोठ्या पगाराची अपेक्षा घरच्यांनी करणे स्वाभाविकच होते. आगरकरांनी मातोश्रींना पत्र लिहून कळविले की, आपण संपत्तीच्या मागे न लागता पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून परहितार्थ आयुष्य वेचणार. हा निश्चय त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

१८८१ साली ‘केसरी’ निघाला तेव्हा ते त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळकांसह त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद होऊन त्यांनी १८८७ साली ‘केसरी’ सोडला व १८८८ साली ‘सुधारक’ सुरू केला. बालविवाह, विधवांचे केशवपन, सोवळेओवळे, श्राद्धादी विधी यांवर त्यांनी कठोर टीका केली. स्त्रियांना शिक्षण मिळावे म्हणून लेखणी झिजविली. यामुळे लोकक्षोभ इतका वाढला की, पुण्यात त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. ती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, तरी लेखणी थांबली नाही. १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याचा विकार पूर्वीपासूनच जडलेला होता. त्यातच १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता, त्यांचा अंत झाला.

मिल्ल व स्पेन्सर या पाश्चात्त्य तत्त्वज्ञांच्या ग्रंथांचा आगरकरांवर खोल संस्कार होता. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात त्यांनी देवतांच्या कल्पनेचा उगम मानवी मनात शोधला. स्वप्नात मृत आप्त दिसतात, त्यावरून देहापलीकडे काही उरते अशी आदिमानवाची समजूत झाली आणि तीतूनच पितर व देवता निर्माण झाल्या, असा स्पेन्सरचा सिद्धांत होता. तथापि त्यांना चार्वाकाच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे होईल. परलोक नाही, म्हणून सुख भोगून घ्यावे, असा चार्वाकमताचा लोकप्रसिद्ध आशय आहे. आगरकरांनी परलोक अज्ञेय ठरविला, पण भोगाचा मार्ग धरला नाही. परलोकाचा आधार काढून घेतला तरी नीती उभी राहते, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

घरात पत्नी यशोदाबाई यांची श्रद्धा निराळी होती. तिच्यावर त्यांनी आपली मते लादली नाहीत. मृत्यूनंतर त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी सापडली, व तीत स्वतःच्या दहनापुरते पैसे त्यांनी बाजूस ठेवले होते, असे सांगतात. आपल्या मृत देहाचाही भार कोणावर पडू नये, एवढीच त्यांची अंतकाळची चिंता.

आता शास्त्रदृष्टीने विचार करू. आपल्या ब्रह्मविद्याशास्त्रात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर असे चार पदार्थ सांगितले आहेत. देवता नित्यबद्ध, त्यांच्या उपासनेने मिळणारी फळे नाशवंत. स्वर्ग हेही असेच सरणारे फळ आहे. मोक्ष देण्याचे सामर्थ्य एका परमेश्वराचेच. म्हणून स्वर्गाच्या लोभाने वा नरकाच्या भयाने केलेला आचार आपल्या मार्गात श्रेष्ठ मानलेला नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी सोवळ्याओवळ्याचे बंड मोडले व स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला, तेव्हा आपल्या पूर्वजांनाही पाखंडी म्हणून हिणविले गेले. ज्यांनी स्वतः हा शब्द सोसला, त्यांनी तो दुसऱ्यावर फेकताना विचार करावा.

तरीही आगरकरांचा सिद्धांत आपणांस मान्य होणे शक्य नाही. देवतांविषयीच्या कल्पना भय व स्वप्न यांतून उपजल्या, हे क्षणभर मान्य केले तरी तेवढ्याने नित्यमुक्त परमेश्वराचा निषेध होत नाही. प्रत्यक्ष व त्यावर आधारलेले अनुमान यांनी जे कळत नाही, ते नाहीच असे ठरत नाही. अज्ञेयवादही तसे म्हणत नाही. आपला त्याच्याशी भेद येथेच की, जीव स्वबळाने जे जाणू शकत नाही ते परमेश्वर कृपेने अवतार घेऊन जाणवितो, असे आपण मानतो. सदाचार चित्त शुद्ध करील. पण ज्ञानावाचून जीवाचा बंध तुटणार नाही.

त्यांच्या जीवाचे पुढे काय झाले, हा निर्णय आपल्या अधिकारातला नाही. आपल्या अधिकारात आहे ती आत्मपरीक्षा. ज्याने परलोकी फळाची आशा धरली नाही, त्याने गरिबी, तुरुंग, निंदा व रोग सोसून कर्तव्य केले. आपणांस तर परमेश्वराचे ज्ञान लाभले, स्मरणाचा मार्ग मिळाला, मोक्षाची वाट दाखविली गेली. एवढे पदरी असूनही भिक्षा, अटन, अहिंसा, सत्य यांत आपण शिथिल राहिलो, तर आपले आस्तिक्य केवळ नावापुरते उरेल. दंडवत प्रणाम.