आर्मां-जाँ द रांसे : मठात राहायला आलेला मठाधिपती

विद्यार्थी मित्रांनो, मठाचे उत्पन्न खायचे, पण मठात राहायचे नाही, असा मठाधिपती तुम्ही ऐकलाय का? सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये असे पुष्कळ होते. रांसे त्यांपैकीच एक. १६२६ साली पॅरिसमध्ये श्रीमंत घराण्यात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच नॉर्मंडीतील ला ट्राप या सिस्टर्शियन मठाचे प्रमुखपद त्यांना मिळाले. पुढे जवळच्या माणसांच्या मृत्यूने त्यांचे मन पालटले. त्यांनी मालमत्ता विकली, दीक्षा घेतली आणि १६६४ मध्ये ते त्या मोडकळीस आलेल्या मठात राहायला गेले. मौन, अंगमेहनत, मांसाशिवाय साधे जेवण, असे कडक नियम त्यांनी स्वतःही पाळले. १७०० साली ते तिथेच वारले. आजच्या 'ट्रॅपिस्ट' संन्याशांचं नाव याच मठावरून आलंय. मित्रांनो, पद वारशाने मिळतं, पण त्याचं काम स्वतःच करावं लागतं!