मज्जातंतूंचा चित्रकार : सांतियागो रामोन इ काहाल

आपल्या परभणीच्या काळ्या जमिनींत ज्वारीचें मूळ ओलाव्याच्या शोधांत खोल जातें. आपल्या शरीरांतील मज्जातंतूही असेच वाट शोधीत वाढतात. हें रहस्य उलगडणाऱ्या थोर पुरुषाचें चरित्र खरोखर मननीय आहे.

काहाल यांचा जन्म स्पेन देशांतील एका डोंगराळ खेड्यांत १ मे १८५२ रोजीं झाला. वडील शस्त्रवैद्य असून स्वभावानें करडे होते. मुलाला चित्रकलेचा विलक्षण नाद आणि घोकंपट्टीचा तितकाच तिटकारा! अकराव्या वर्षीं त्यानें घरींच तोफ बनवून शेजाऱ्याचें फाटक उडविलें व त्यापायीं कोठडीची हवा खाल्ली. वडिलांनीं त्यास न्हाव्याच्या व मोच्याच्या हाताखालीं ठेविलें. तरी कुंचला सुटेना. अखेर त्यांनीं त्याला मानवी हाडांच्या अभ्यासास लाविलें. हाडांचीं चित्रें काढतां काढतां मुलगा शारीरशास्त्रांत रमला आणि पितापुत्रांचा तंटा मिटला.

१८७३ सालीं वैद्यकीची पदवी मिळवून काहाल सैन्याबरोबर क्यूबा बेटांत गेले व हिंवतापानें जर्जर होऊन परतले. सैन्यांतील नोकरीच्या शिलकेंतून त्यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतलें. पुढें १८८५ च्या पटकीच्या साथींतील कामगिरीबद्दल सारागोसा प्रांतानें त्यांस उत्तम यंत्र भेट दिलें.

मेंदू म्हणजे अखंड जाळें, असें त्या काळीं बहुतेक विद्वान मानीत. इटलीचे गोल्जी यांनीं चांदीच्या क्षारानें मोजक्याच पेशी काळ्या रंगविण्याची युक्ति काढिली होती. परंतु तेही जाळ्याच्याच मताचे होते. काहाल यांनीं तीच युक्ति सुधारून पक्ष्यांच्या अर्भकांवर योजिली आणि १८८८ सालीं प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र असल्याचें दाखविलें. कोणी लक्ष देईना, तेव्हां १८८९ सालीं ते पदरखर्चानें बर्लिनला गेले व विद्वानांना तें प्रत्यक्ष दाखविलें.

१८९० सालीं कोंबडीच्या अर्भकांत वाढत्या तंतूच्या टोकाशीं त्यांना एक शंकु दिसला. हाच शंकु वाट शोधतो, आणि त्याला रासायनिक द्रव्यें खुणावितात, असें अनुमान त्यांनीं १८९२ सालीं मांडलें. १९०६ चें नोबेल पारितोषिक त्यांना व गोल्जी यांना मिळून मिळालें. तेथेंही गोल्जींनीं त्यांचें मत खोडून काढण्याचा यत्न केला! १७ ऑक्टोबर १९३४ रोजीं काहाल माद्रिद येथें निवर्तले.

त्यांचें अनुमान पुढें खरें ठरलें. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ले कोहेन यांनीं मज्जातंतूंची वाढ करणारें द्रव्य शोधिलें; त्यांस १९८६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. बाहेरील निरोप शंकूंत पोहोंचला म्हणजे आंत कॅल्शियम व चक्रीय एएमपी हे रासायनिक दूत कामास लागतात. ते पेशीचा आंतील सांगाडा कोठें उभारावा व कोठें मोडावा हें ठरवितात. त्याप्रमाणें तंतू पुढें सरकतो, वळतो वा थांबतो. नवल असें कीं, आंतील चक्रीय एएमपी घटलें म्हणजे जें द्रव्य तंतूस ओढीत होतें तेंच त्यास दूर लोटूं शकतें!

प्रौढ माणसाच्या पाठीच्या कण्यांतील तुटलेले तंतू पुन्हा नीट वाढत नाहींत, हें दुःख काहाल यांनींही नोंदविलें होतें. झाडावरून वा विहिरींत पडून अंथरुणाला खिळलेला मनुष्य ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस या संशोधनाचें मोल सांगावयास नको. हें कोडें अद्याप पुरतें सुटलेलें नाहीं.

पालकांनींही ध्यानांत ठेवावें कीं, मुलाचा नाद मोडण्यापेक्षां त्यास योग्य वाट दाखविणें श्रेयस्कर. काहाल यांच्या वडिलांना हें उशिरां कां होईना, पण उमगलें.