बॉड म्हणजे बोदो : एका तारमास्तराची कहाणी

थोर माणसांची नावे रस्त्यांना, चौकांना आणि शाळांना दिलेली आपण नेहमीच पाहतो. परंतु एका माणसाचे नाव एका मापाला दिले गेले आणि ते माप एवढे रूढ झाले, की माणूस मात्र विस्मृतीत गेला. हे नाव मला ग्रंथालयात भेटले नाही. ते भेटले मोहन्यातील आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत.

माझा धाकटा भाऊ आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. उल्हास नदीचे पाणी किती चढले ते घरबसल्या दाखवील, असे यंत्र त्याने गेल्या पावसाळ्यात करावयास घेतले. २६ जुलै २००५ चा पूर आम्ही पाहिला नसला, तरी त्याच्या आठवणी ऐकतच आम्ही वाढलो. बादलीत तरंगता गोळा सोडून चाचणी चालली होती. एक मायक्रोकंट्रोलर पाण्याची उंची मोजी आणि तारेवरून दुसऱ्याला आकडे पाठवी. पण पडद्यावर आकड्यांऐवजी भलतीच चिन्हे उमटत. दोन रात्री जागल्यावर उलगडा झाला : एका टोकाला वेग ९६०० बॉड आणि दुसऱ्या टोकाला ४८०० बॉड ठेवला गेला होता. बॉड म्हणजे काय, हे त्याला सांगता येईना आणि कला शाखेची असूनही मला स्वस्थ बसवेना. शोध घेतला, तेव्हा त्या शब्दामागे एक शेतकऱ्याचा मुलगा उभा होता.

एमिल बोदो यांचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्सच्या ईशान्य भागातील मान्यो या खेड्यात झाला. त्यांचे रीतसर शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच झाले. पुढे त्यांनी घरची शेती केली आणि १८६९ साली ते तारखात्यात उमेदवार म्हणून लागले. तेथे ते मोर्सचे कट्ट-कडकट्ट शिकले. शिवाय ह्यूजच्या छापणाऱ्या तारयंत्राचे चार महिन्यांचे शिक्षणही त्यांना मिळाले. १८७० च्या युद्धात काही काळ सेवा करून १८७२ साली ते पॅरिसला कामावर परतले.

काम करताना त्यांना एक गोष्ट खुपत होती. तार महाग आणि माणसाचा हात सावकाश. त्यामुळे बराच वेळ तार रिकामीच राही. तो रिकामा वेळ इतर तारमास्तरांना वाटून दिला तर? खात्याने प्रोत्साहन दिले खरे, पण संशोधन करावयाचे ते नोकरीचे तास संपल्यावर, स्वतःच्या वेळात! बोदो यांनी ते केले आणि १८७४ साली आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले.

त्यांची युक्ती साधी होती. मोर्सच्या लिपीत एक अक्षर आखूड तर दुसरे लांब. बोदो यांनी प्रत्येक अक्षराला सारखेच पाच ठोके दिले. प्रत्येक ठोक्याला विद्युत्प्रवाहाच्या दोनच अवस्था. म्हणून दोनाचा पाच वेळा गुणाकार करून ३२ मांडण्या मिळाल्या. तारमास्तरापुढे पाचच पट्ट्या असत : दोन डाव्या हाताच्या बोटांना, तीन उजव्या हाताच्या. दोन्ही टोकांना फिरणारी यंत्रे एकाच चालीने चालत आणि प्रत्येकाला आळीपाळीने तार जोडून देत. आमच्याकडे कारखान्याचा भोंगा झाला की एक पाळी बाहेर पडे आणि दुसरी आत जाई, असे आजोबा सांगतात. तशाच पाळ्या येथे सेकंदाच्या अंशात बदलत. मात्र ठरल्या क्षणी पट्टी दाबली गेली नाही, तर अक्षर बिघडे. म्हणून तारमास्तराच्या बोटांना ताल लागे.

नोव्हेंबर १८७७ मध्ये पॅरिस ते बोर्दो या मार्गावर चाचणी झाली आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात बोदो यांना सुवर्णपदक मिळाले. १८८२ साली ते खात्यात निरीक्षक-अभियंता झाले. प्राथमिक शाळेनंतर वर्ग न पाहिलेल्या माणसाची ही चढण! संसारसुख मात्र त्यांना लाभले नाही. जानेवारी १८९० मध्ये विवाह झाला आणि एप्रिलमध्येच पत्नीचे निधन झाले. तरीही ते काम करीत राहिले. २८ मार्च १९०३ रोजी पॅरिसजवळील सो येथे त्यांचा अंत झाला. १९२६ साली एका आंतरराष्ट्रीय तारपरिषदेत संदेशवहनाच्या वेगाच्या एककाला त्यांचे नाव देण्याची सूचना आली आणि दर सेकंदाला तारेवर जाणाऱ्या ठोक्यांचे माप 'बॉड' झाले.

भावाच्या यंत्रातही तेच ठोके आहेत. ९६०० बॉड म्हणजे एका ठोक्याला सुमारे १०४ मायक्रोसेकंद. विसाव्या शतकात त्यात एक सुधारणा झाली : प्रत्येक अक्षराच्या आधी 'सुरू' आणि शेवटी 'थांब' असा ठोका आला. 'सुरू' दिसताच घेणारा आपले घड्याळ जुळवतो. 'थांब' जागेवर सापडला नाही, तर काही बिघडले हे त्याला कळते.

परंतु वेग जुळवल्यावरही एकदा रिकाम्या बादलीची उंची ८ दिसली! आज रूढ असलेल्या सांकेतिक लिपीत शून्याची मांडणी ०११०००० आणि आठाची ०१११०००. फरक एकाच ठोक्याचा. बोदो यांच्या लिपीची उणीवही हीच. ३२ मांडण्या जवळजवळ साऱ्याच कामाला लावल्यामुळे एक ठोका चुकला, की दुसरे खरे अक्षर उमटे आणि यंत्राला शंकाही येत नसे. त्यावरचा सोपा उपाय म्हणजे आणखी एक ठोका निव्वळ राखणीला ठेवणे. एकांची संख्या नेहमी सम राहील, असा तो ठेवावयाचा. शून्यात एक दोनदा येतो. वाटेत त्याचा आठ झाला, तर एक तीनदा होतात आणि चोरी पकडली जाते. दोन ठोके एकदम बिघडले, तर मात्र ही राखण फसते. म्हणून महत्त्वाचा आकडा पुन्हा मागवावा लागतो. भावाने आता दोन्ही गोष्टी केल्या आहेत. पुराचा इशारा उशिरा आला तर घात, आणि खोटा आला तर पुढच्या खऱ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण बोदो यांचे नाव अजून रोज तारांतून धावते आहे. त्यांनी रिकामा वेळ वाया जाऊ दिला नाही, हा त्यांचा मोठेपणा. आणि थोडी जागा चूक ओळखण्यासाठी रिकामी ठेवावी लागते, हे त्यांच्यानंतरच्यांचे शहाणपण. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही शेवटची दहा मिनिटे मी आता राखून ठेवते. दिवसभर नोकरी करून रात्री आपले विज्ञान घडविणाऱ्या त्या तारमास्तराला माझे विनम्र अभिवादन.