सायकल दुरुस्त करणारे हात

अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन नावाचे शहर आहे. तेथे १९ ऑगस्ट १८७१ रोजी ऑर्व्हिल राइट याचा जन्म झाला. त्याचे वडील मिल्टन हे धर्मोपदेशक होते. आई सुसान हिचे वडील गाड्या बनवीत. त्यामुळे हत्यारे हाताळण्याची तिला लहानपणापासून सवय. मुलांची मोडलेली खेळणी ती स्वतः नीट करून देई. आईचा हा गुण ऑर्व्हिल व त्याचा मोठा भाऊ विल्बर यांनी पुरेपूर उचलला.

१८९२ साली या दोघा भावांनी डेटन येथे सायकलींचे दुकान काढले. मुलांनो, सायकलीच्या मागच्या चाकाचा तुंबा उघडलेला तुम्ही कधी पाहिला आहे काय? त्यात आसाभोवती पोलादाचे छर्रे बसविलेले असतात आणि दोन्ही बाजूंनी आटे असलेले कोन त्यांना आवरून धरतात. तुंबा जुळविताना एका पातळ पान्याने कोन स्थिर धरावा लागतो व दुसऱ्या पान्याने वरचा नट आवळावा लागतो. कोन अधिक आवळला, तर चाक जड फिरते. सैल राहिला, तर ते डुगडुगते. आत धूळ शिरली, की छर्रे झिजू लागतात. राइट बंधू स्वतः सायकली बनवू लागले, तेव्हा त्यांनी तेल धरून ठेवणारा व धुळीस थारा न देणारा तुंबा तयार केला. केसाएवढी चूकही चाक बिघडविते, हा धडा ते या कामात शिकले.

पुढे मनुष्याला उडता यावे, या ध्यासाने दोघांना पछाडले. पैसा त्यांनी दुकानाच्या मिळकतीतूनच उभा केला. १९०१ साली पंखांवरील हवेचा दाब मोजण्याकरिता त्यांनी एक बोगदा बांधला. त्यातील नाजूक तराजू त्यांनी सायकलीच्या आऱ्यांची तार व करवतीची जुनी पाती यांपासून घडविले. विमानाचे इंजिनही दुकानातील कारागीर चार्ली टेलर याच्या मदतीने तेथेच तयार झाले.

१९०३ च्या सप्टेंबरात दोघे भाऊ किटी हॉक गावाजवळील वाळूच्या टेकड्यांपाशी येऊन राहिले. सायकलीसारखी साखळी इंजिनाची शक्ती पंख्यांना पुरवीत असे. परंतु इंजिन सुरू होताच हादऱ्याने साखळीची दातेरी चक्रे दांड्यांवर सैल होत. कितीही आवळली, तरी ती पुन्हा ढिली होत. हिवाळा जवळ येत होता. तेव्हा सायकलीचे टायर चिकटविण्याचे द्रव्य त्यांनी तापवून आट्यांत भरले व चक्रे घट्ट बसविली. ती पुन्हा हलली नाहीत! पण नोव्हेंबरच्या अखेरीस पंख्याच्या पोकळ दांड्यालाच तडा गेलेला आढळला. आता वर्ष वाया जाणार, असे वाटू लागले. ऑर्व्हिलने धीर सोडला नाही. तो डेटनला परतला, भरीव पोलादी दांडे बनवून घेतले आणि ११ डिसेंबरला ते घेऊन परत आला.

१४ डिसेंबरला विल्बरने पहिला प्रयत्न केला, तो फसला. यंत्र पुन्हा दुरुस्त झाले. १७ डिसेंबरला सकाळी कडाक्याच्या थंडीत ऑर्व्हिल विमानावर पालथा पडला. विमान ६० फूट लांबीच्या रुळावर एका लहान गाडीवर ठेवले होते, आणि त्या गाडीची चाके म्हणजे थोडा फेरफार केलेले सायकलीचे तुंबेच होते! त्यांवरून घरंगळत विमान पुढे गेले व हवेत उठले. ते १२ सेकंदांत १२० फूट गेले. त्याच दिवशी विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट उडाला.

१९१२ साली विल्बर विषमज्वराने वारला. ऑर्व्हिलला जगभर कीर्ती लाभली. तरी हातातले हत्यार त्याने कधी खाली ठेवले नाही. १९४८ च्या जानेवारीत त्याने आपल्या घराच्या दारावरील घंटा स्वतः दुरुस्त केली. त्याच दिवशी त्याला हृदयविकाराचा झटका आला. पुढे तीन दिवसांनी, ३० जानेवारीस, त्याचे निधन झाले. महात्मा गांधींच्या हत्येचा आघात आपल्या देशावर झाला, तो हाच दिवस.

चाकाचा तुंबा असो की विमानाचा दांडा असो, लहान कामही चोख झाल्यावाचून ऑर्व्हिलचे हात थांबत नसत. म्हणूनच त्या हातांनी माणसाला आकाशाची वाट मोकळी करून दिली.