आगरकरांचे एम. ए. आणि पत्रकारितेची शाळा

फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूटची पाटी पुणेकरांच्या नजरेला सरावलेली आहे. पुणे विद्यापीठाने १९६४ साली वृत्तपत्रविद्येचे शिक्षण सुरू केले आणि पुढे कित्येक वर्षे हा विभाग याच वास्तूत नांदला. बातमी कशी लिहावी, मथळा कसा द्यावा, अग्रलेखाचा सूर कसा धरावा, अब्रुनुकसानीचा कायदा कुठे आडवा येतो, हे सारे शिकून, पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडलेली मुले-मुली महाराष्ट्रातल्या अनेक दैनिकांत काम करीत आली आहेत. त्याच रस्त्यावर, हाकेच्या नाही तरी चार पावलांच्या अंतरावर, फर्ग्युसन महाविद्यालय आहे. या महाविद्यालयाचे दुसरे प्राचार्य गोपाळ गणेश आगरकर हे 'केसरी'चे पहिले संपादक. तेही पदव्युत्तर पदवी घेऊनच वर्तमानपत्रात आले होते. मात्र त्या काळी पत्रकारिता शिकवणारी शाळा पुण्यात सोडाच, जगातही नव्हती. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने अशी शाळा काढली ती १९०८ साली, आगरकरांच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनी. मग आगरकर हा धंदा शिकले कुठे, आणि त्याची फी त्यांनी काय भरली?

कऱ्हाडजवळ कृष्णाकाठी टेंभू नावाचे लहानसे गाव आहे. तिथे १४ जुलै १८५६ रोजी आगरकरांचा जन्म झाला. घरची स्थिती इतकी ओढग्रस्तीची की, कऱ्हाडला थोडे इंग्रजी शिकून होताच मुलाला मुन्सफाच्या कचेरीत लेखणी घासायला बसावे लागले. तिथे मन रमेना. पुढे शिकायचे म्हणून हा मुलगा सह्याद्री उतरून पायी रत्नागिरीला गेला. तिथे बस्तान बसले नाही म्हणून परत आला. काही दिवस दवाखान्यात औषधे कालवण्याचे कामही केले. शेवटी नातलगांच्या आधाराने तो दूर वऱ्हाडात अकोल्याला पोचला आणि तिथल्या हायस्कुलात दाखल झाला. विष्णु मोरेश्वर महाजनींसारखा रसिक आणि विद्वान शिक्षक त्याला तिथे भेटला. महाजनींनी हा मुलगा ओळखला आणि त्याच्या पाठीशी ते उभे राहिले.

अकोल्यात तेव्हा 'वऱ्हाड समाचार' निघत असे. विद्यार्थी आगरकर त्यात लिहू लागले. पत्रकारितेचा पहिला धडा कोणता म्हणाल, तर तो हाच, आणि तोही पोटासाठी गिरवलेला. आपण थोर माणसांच्या चरित्रात ध्येयवाद अगदी पाळण्यापासून शोधत बसतो. आगरकरांच्या हाती लेखणी आली ती मात्र आधी चार पैशांची गरज होती म्हणून, हे लपवण्याचे कारण नाही.

मॅट्रिक होऊन १८७५ साली ते पुण्यास डेक्कन कॉलेजात आले. नदीपलीकडे येरवड्याच्या बाजूला असलेले हे कॉलेज त्या वेळी शहरापासून चांगलेच दूर होते. तिथल्या त्यांच्या दारिद्र्याची एक हकीकत मराठी शाळांतल्या मुलांनाही ठाऊक असते: अंगात एकच सदरा, रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचे. शिष्यवृत्ती, निबंधाची आणि वक्तृत्वाची बक्षिसे, वर्तमानपत्रांतले लेखन यांवर महिन्यामागून महिना ढकलायचा. परीक्षेच्या फीसाठी नाटक मंडळीला एक नाटक लिहून द्यावे असा विचार एकदा चालला होता. ते कळताच प्राध्यापक केरोनाना छत्रे यांनी आपल्या पदरचे पैसे दिले, अशी आठवण चरित्रकार सांगतात. गणिताच्या प्राध्यापकाने इतिहास-तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याची फी भरावी, हा त्या पिढीचा मोठेपणा. दम्याची व्यथाही तरुणपणीच मागे लागली होती.

१८७८ मध्ये आगरकर बी. ए. झाले. त्यानंतर इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय घेऊन ते एम. ए. च्या अभ्यासाला लागले. मिल, स्पेन्सर यांचे ग्रंथ त्यांनी नुसते वाचले नाहीत, ते अंगी मुरवले. याच सुमारास कायद्याचा अभ्यास करणारे बाळ गंगाधर टिळक कॉलेजात भेटले. दोघेही १८५६ साली जन्मलेले, दोघेही हट्टी. देशाचे काय करायचे यावर कॉलेजामागच्या टेकडीवर आणि खोलीत वाद घालता घालता एका गोष्टीवर दोघांचे एकमत झाले: सरकारी नोकरी करायची नाही, लोकांना शहाणे करण्याचे काम करायचे.

आज हे वाक्य लिहायला सोपे वाटते. त्या वेळी एम. ए. झालेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. त्या पदवीच्या बळावर सरकारी हुद्दा, घोडागाडी, वाडा हे सगळे दोन-चार वर्षांत शक्य होते. टेंभूकडे डोळे लावून बसलेल्या आईने याहून वेगळे स्वप्न कशाला पाहावे? मुलाने तिला पत्र लिहिले. आपला मुलगा मोठमोठ्या परीक्षा देतो आहे, आता त्याला भरघोस पगार मिळेल, आपले पांग फिटतील, अशी आशा तिने धरू नये. पोटापुरत्या पैशावर समाधान मानून सगळा वेळ लोकांसाठी घालवायचे आपण ठरवले आहे, असे त्याने तिला सांगितले. हे पत्र महाराष्ट्राने पुढे डोक्यावर घेतले, आदर्श म्हणून मिरवले. ते कुणाकडून तरी वाचून घेताना त्या माउलीला काय वाटले असेल, याचा विचार मात्र फारसा कुणी केला नाही.

१८८० मध्ये एम. ए. झाल्यावर १८८१ च्या आरंभी आगरकर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी ही शाळा १ जानेवारी १८८० रोजी काढली होती. याच मंडळींनी २ जानेवारी १८८१ रोजी इंग्रजी 'मराठा' आणि ४ जानेवारीला मराठी 'केसरी' सुरू केला. लॉर्ड लिटनने १८७८ मध्ये देशी भाषांतल्या पत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला होता. 'केसरी' निघाला तेव्हा तो अजून रद्द व्हायचा होता. छापखाना हलवताना या पदवीधरांनी टाइपाच्या पेट्या स्वतःच्या खांद्यावरून वाहिल्या, असे सांगतात. 'केसरी'चे संपादकपद आगरकरांकडे आले. सकाळी वर्गात शिकवायचे, मग मजकूर लिहायचा, मुद्रिते तपासायची. वय अवघे २४.

दीड वर्षात त्यांना असा धडा मिळाला, जो आज पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी वर्गात बसून मिळतो. कोल्हापूरचे तरुण महाराज शिवाजीराव यांचा कारभारी मंडळींकडून छळ होतो आहे, अशा बातम्या पुण्यात येत होत्या. दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारी काही पत्रे हाती आली. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी त्यांच्या आधारे लिहिले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि कोर्टात ती पत्रे बनावट ठरली. महाराजांविषयीचा कळवळा खरा होता, पण कागद खोटे होते, आणि कायद्यापुढे कळवळ्याला किंमत नसते. संपादकांनी दिलगिरी दर्शवली, तरी १७ जुलै १८८२ रोजी आगरकर आणि टिळक यांना ४ महिन्यांची साधी कैद झाली. त्याआधी खटल्यासाठी १०,००० रुपयांचा जामीन हवा होता, तेव्हा जोतीराव फुल्यांचे स्नेही रामशेट बापूशेट उरवणे पुढे झाले. चिपळूणकरांच्या लेखणीने फुल्यांची यथेच्छ टवाळी केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या मदतीचे मोल कळते. स्वतः चिपळूणकर खटला चालू असतानाच, मार्च १८८२ मध्ये, वारले होते.

मुंबईच्या डोंगरी तुरुंगात या दोन मित्रांनी १०१ दिवस काढले. एका खोलीत दोघे, आणि रात्ररात्र चाललेले वाद. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चा 'विकारविलसित' हा अनुवादही आगरकरांनी तुरुंगातच हातावेगळा केला. बाहेर आल्यावर त्यांनी या दिवसांची हकीकत लिहिली. तीत तक्रारीचा सूर कमी आणि गंमत अधिक आहे. २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले तेव्हा लोकांनी त्यांचे वाजतगाजत स्वागत केले. आगरकरांच्या वाट्याला लोकांकडून आलेले कौतुक बहुतेक एवढेच.

पुढची काही वर्षे कामाची गेली. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. पण 'केसरी'च्या कचेरीत कुरबूर वाढत होती. बेहरामजी मलबारींनी बालविवाहाचा प्रश्न १८८४ मध्ये ऐरणीवर आणला, पाठोपाठ रखमाबाईंचा खटला गाजला. लहानपणी लावून दिलेले लग्न मोठेपणी नाकारण्याचा हक्क बाईला आहे की नाही? सरकारने यात कायदा करावा की नाही? आगरकरांचे उत्तर सरळ होते. बाईच्या बाजूचे आणि कायद्याच्या बाजूचे. टिळकांना परक्या सरकारचा हात घरात शिरायला नको होता. सहकाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचक दुखवायचे नव्हते. पत्र सर्वांचे, मग संपादकाला स्वतःचे मत मांडायची मोकळीक किती? हा प्रश्न आजही अनेक कचेऱ्यांत पगारपत्रकाच्या आड दबलेला असतो. आगरकरांनी तो दबू दिला नाही. ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी'चे संपादकपद सोडले.

वर्षभराने, ऑक्टोबर १८८८ मध्ये, त्यांचा 'सुधारक' निघाला. मराठी बाजू आगरकरांची आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांची. गोखले तेव्हा २२ वर्षांचे होते. विधवांचे केशवपन, सोवळे-ओवळे, बालविवाह, मुलींचे शिक्षण, जातिभेद, अशा घरातल्या आणि माजघरातल्या विषयांवर आठवड्यामागून आठवडा लेख येऊ लागले. स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत, असाही एक लेख होता. आज वाचताना हसू येईल, पण बाईच्या अंगावरच्या कपड्याचा विचार तिच्या सोयीच्या अंगाने करणे ही त्या वेळी मोठीच आगळीक होती. पुण्यातल्या सनातनी मंडळींनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. जे शहर तुरुंगातून सुटल्यावर त्यांच्यावर फुले उधळत होते, त्याच शहरातली ही यात्रा. 'केसरी' आणि 'सुधारक' यांच्यात शब्दांची लढाई जुंपली, आणि दोन्ही बाजूंनी ती दर वेळी सभ्य राहिली असे म्हणता येणार नाही. एकमेकांच्या वर्मावर बोट ठेवणारे हे दोघे एकेकाळी एका कोठडीत झोपलेले होते, म्हणून ते बोट अधिक खुपत असावे. १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीही सोडली.

घरात आगरकर वेगळे होते. पत्नी यशोदाबाई देवधर्म करणाऱ्या. त्यांच्या पूजेअर्चेत या नास्तिकाने कधी आडकाठी केली नाही. बाहेर इतका जहाल आणि घरात इतका मवाळ, म्हणून टीकाकारांनी टोमणे मारले. मला वाटते, मताची सक्ती नको असे म्हणणाऱ्याने बायकोवर सक्ती केली नाही, यात विसंगती शोधण्यासारखे फारसे काही नाही.

ऑगस्ट १८९२ मध्ये वामन शिवराम आपटे वारले आणि आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. कॉलेज, 'सुधारक' आणि दमा अशी तीन ओझी मग एकदमच वाहावी लागली. दम्याने त्यांना शेवटी गाठलेच. १७ जून १८९५ रोजी ते गेले. ३९ वर्षे पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून थोडे पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते, ते मागाहून सापडले, असे सांगतात.

'केसरी'च्या या पहिल्या संपादकावरचा मृत्युलेख 'केसरी'त टिळकांनी लिहिला. तो सांगताना त्यांना रडू आवरत नव्हते आणि नेहमी झरझर होणाऱ्या मजकुराला त्या दिवशी कितीतरी वेळ लागला, अशी आठवण पुण्यात पुढे पुष्कळ वर्षे सांगितली जात असे.